फ्रेमबाहेरची गाय

गायबगळ्याचा फोटो काढायला म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही. पुण्यातली कॅमेरेवाली मंडळी पहाटे चारला उठतात, थर्मासमध्ये चहा भरतात आणि भिगवणला जातात ती फ्लेमिंगोंसाठी. वाटेत सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी सोडलेल्या शेतांत ढिगाने गायबगळे उभे असतात. गाडीतलं कोणी काचसुद्धा खाली करत नाही. "बगळेच आहेत रे," एवढ्यावर विषय संपतो.

मला मात्र हा पक्षी आवडतो. का, ते नीट सांगता येणार नाही. माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यात फुगलेलं फोल्डर त्याचंच आहे आणि रविवारी जलरंग घेऊन बसलो की कागदावरही बऱ्याचदा तोच उतरतो. बायको म्हणते, "आज पण बगळा?" असो. एखाद्या गोष्टीची आवड लागली की माणूस तिचा मागचा इतिहास खणायला लागतो, तसं माझं झालं. आपल्या आधी या पक्ष्याचं चित्र कोणी काढलं, फोटो कोणी काढले, हे शोधत गेलो. त्यातून एक गंमत हाती लागली आणि तीच आज लिहितोय. या पक्ष्याच्या चित्रांचा इतिहास खरं तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गाईचा इतिहास आहे. ती चित्रात आहे की नाही, यावर बरंच काही ठरत आलंय.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. पांढऱ्या बगळ्यांत चारपाच जाती आहेत आणि लांबून सगळे सारखेच वाटतात. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे, जणू मोजे घातलेत. मोठा बगळा उंच, मान नागमोडी. आपला गायबगळा या दोघांपुढे अगदीच गावरान. मान आखूड, चोच पिवळी आणि हनुवटीखाली पिसं अशी भरलेली की गालफुगी झाल्यासारखी दिसते. चालताना तो मान मागेपुढे, डावीउजवीकडे डोलावतो. नाकतोड्यावर चोच मारण्याआधी तर ती मान अशी काही लचकते की बघत राहावं. आणि पावसाळा जवळ आला की डोकं, मान आणि पाठ केशरी होते. नवरदेवाला हळद लागावी तशी. विणीच्या ऐन भरात चोच आणि पायसुद्धा लालसर होतात. हिंदीत त्याला 'सुर्खिया बगला' म्हणतात ते या रंगावरूनच.

दुसरी गोष्ट त्याच्या पोटापाण्याची. बाकीचे बगळे पाण्याशी बांधलेले, हा गवताशी. गुरं चरताना त्यांच्या खुरांनी नाकतोडे, टोळ, रातकिडे उडतात, ते हा टिपतो. गुरांच्या अंगावरच्या गोमाश्या आणि गोचिड्याही अधूनमधून खातो, पण मुख्य जेवण खुरांपाशी. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय. एकटा हिंडणाऱ्या गायबगळ्यापेक्षा गुरांसोबतच्या बगळ्याला सुमारे साडेतीन पट भक्ष्य मिळतं. म्हणजे गाय ही त्याची नुसती सोबतीण नाही, ती त्याचं ताट वाढते. त्याच अभ्यासातली पुढची नोंद आणखी मजेची आहे: यंत्रामागे फिरतानाही त्याला जवळपास तेवढंच खाणं मिळतं, फक्त चालावं फार लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्रांकडे.

सगळ्यात जुनं चित्र शोधायचं तर इजिप्तला जावं लागतं. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत पक्षीच पक्षी आहेत: घुबड, गिधाड, बदक, टिटवी. अ‍ॅलन गार्डिनर या पंडिताने १९२७ साली आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात या चिन्हांची जी यादी दिली, ती अभ्यासक आजही वापरतात. त्या यादीत गायबगळ्याचं वेगळं चिन्ह आहे. ते कोणत्या शब्दाशी येतं माहितीये? 'थरथरणे', 'कापणे' या अर्थाच्या शब्दाशी. का, हे गायबगळ्याला दहा मिनिटं चालताना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. हजारो वर्षांपूर्वी नाईलकाठी कोणी लेखनिक शेताच्या बांधावर उभा राहून हा पक्षी बघत असणार, असं मला आपलं वाटतं. त्याने रंग बाजूला ठेवला आणि हालचाल पकडली. एका स्थिर चिन्हात हालचाल! आमचे एका सेकंदाला दहा फोटो काढणारे कॅमेरे त्याच्यापुढे काय करणार?

इजिप्तच्या शेतकऱ्याची या पक्ष्याशी ओळख आजही घट्ट आहे. अरबीत त्याला 'अबू किरदान' म्हणतात, म्हणजे 'गोचिड्यांचा बाप', आणि 'शेतकऱ्याचा मित्र' अशीही त्याची ख्याती आहे. नावातच गुरं आली.

युरोपच्या विद्वानांपर्यंत पोचताना मात्र हे सगळं गळून पडलं. लिनियसने १७५८ साली या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं केलं आणि नाव ठेवलं 'आर्डिया आयबिस'. त्याचा एक शिष्य हासलक्विस्ट इजिप्तला जाऊन आला नव्हे, परतीच्या वाटेवर १७५२ साली स्मर्ना इथे वारला. मागे उरलेल्या त्याच्या टिपणांवरून लिनियसने काम केलं. आणि प्राचीन इजिप्शियन ज्याला देवाचं रूप मानत, ज्याच्या ममी करून पुरत, तो पवित्र आयबिस म्हणजे हाच पांढरा पक्षी, असा समज त्या नावात कायमचा बसला. पुढे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून आलेल्या ममी उघडून क्यूव्हिएने खरा आयबिस वेगळाच असल्याचं दाखवून दिलं. पण नावं एकदा पडली की पडली. कागदोपत्री आपला बगळा 'आयबिस'च राहिला.

हे झालं पश्चिमेकडच्या गायबगळ्याचं. आपल्याकडच्या गायबगळ्याच्या नावाची कथा याहून सुरस आहे, आणि तिचा उगम आहे एका चित्रात.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बुफाँ नावाचा मोठा निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी एक अवाढव्य चित्रमाला तयार झाली, हजारच्या वर चित्रं, हाताने रंगवलेली. चित्रकार मार्तिने, देखरेख दोबाँतोनची. त्यात एक चित्र होतं आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, कोरोमंडलवरून गेलेल्या एका पक्ष्याचं. अंग पांढरं, डोक्यावर आणि पाठीवर तांबूस सोनेरी झाक. म्हणजे विणीच्या ऐन रंगातला गायबगळा. चित्राखाली फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, 'कोरोमंडल किनाऱ्यावरचा खेकडेखाऊ'!

खेकडेखाऊ? ज्याचं अख्खं आयुष्य नाकतोड्यांवर जातं, तो?

पण मार्तिनेचा तरी काय दोष? त्या काळी असे चित्रकार पेंढा भरलेल्या नाहीतर वाळवलेल्या कातड्यांवरून चित्रं काढत. पक्षी पॅरिसला पोचायचा तो असा. सोबत शेत नाही, चिखल नाही, गाय तर नाहीच नाही. त्या मालिकेतले पक्षी बहुधा एखाद्या छोट्या उंचवट्यावर नाहीतर फांदीवर उभे असतात आणि मागे कोरा कागद. लांब चोच, लांब पाय, किनाऱ्यावरून आलेला. मग खेकडेच खात असणार, असं कोणालाही वाटलं असतं. १७८३ साली बोडार्ट या डच निसर्गशास्त्रज्ञाने या चित्रमालेतल्या पक्ष्यांना रीतसर लॅटिन नावं देणारी एक यादी छापली. चित्र समोर ठेवायचं आणि नाव द्यायचं. या पक्ष्याचं नाव त्याने ठेवलं 'कँक्रोमा कोरोमांडा'. त्यातल्या 'कँक्रोमा'तही खेकडाच दडलाय. म्हणजे आपल्या शेताशेतांत फिरणारा हा पक्षी विज्ञानाच्या दप्तरात दाखल झाला तो एका चित्राच्या जोरावर. चित्रात रंग अगदी बरोबर होता, चौकटीबाहेर राहिली होती ती गाय. आणि गाय बाहेर राहिली म्हणून नाव चुकलं.

गाय परत आत आली ती १८५५ साली. नेपोलियनचा पुतण्या शार्ल ल्युसियाँ बोनापार्त (काकाने मुलूख जिंकले, पुतण्याने पक्ष्यांची वर्गवारी केली!) याने या बगळ्यांसाठी स्वतंत्र प्रजाती काढली आणि तिला नाव दिलं 'बुबुल्कस'. लॅटिनमध्ये अर्थ गुराखी. किती नेमकं! शंभर वर्षं आयबिस आणि खेकडेखाऊ म्हणून काढल्यावर बिचाऱ्याला एकदाचं स्वतःचं नाव मिळालं. आपल्या खेड्यातल्या माणसाने तर त्याला कधीपासून गायबगळाच म्हटलंय, त्याला पॅरिसला जावं लागलं नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा गायबगळा या दोन वेगळ्या जाती आहेत असं आता बहुतेक यादीकार मानतात. दोघांतला फरक मुख्यतः विणीच्या रंगात. आपल्या पूर्वेकडच्याचा केशरी रंग गालांवर आणि गळ्यावरही उतरतो. म्हणजे मार्तिनेच्या रंगाला अडीचशे वर्षांनी पुन्हा भाव आला. त्याच वेळी जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की हा पक्षी मोठ्या बगळ्यांच्या 'आर्डिया' प्रजातीतच बसतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मोठ्या जागतिक याद्यांनी 'बुबुल्कस' काढून टाकलं. शास्त्र म्हणून ते योग्यच असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुराखी गेला याची चुटपुट लागली खरी. कागदावरून गाय पुन्हा एकदा बाहेर.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं परदेशी झालं, आपल्या चित्रांत काय? आपल्या चित्रांत बगळे भरपूर आहेत. पहाडी किंवा राजस्थानी लघुचित्रांतला पावसाळा आठवा. वर काळेभोर ढग, विजेची सोनेरी रेघ आणि ढगांसमोरून जाणारी पांढऱ्या पक्ष्यांची रांग. संस्कृत काव्यात मेघांसोबत बलाका येते, तीच ही. खाली कृष्ण, गवळी आणि गाई. म्हणजे दोघंही एकाच चित्रात, पण पक्षी आकाशात आणि गाय जमिनीवर. गाईच्या पायाशी किडे टिपणारा बगळा मी अशा चित्रांत शोधत असतो, पण अजून तरी नजरेला पडलेला नाही. बगळा आपल्याकडे ऋतूची खूण होऊन आला, स्वतःच्या नावाने कमीच.

जमिनीवर उतरलेल्या बगळ्याची तर आपण पार बदनामी करून ठेवली आहे. पंचतंत्रातला मासे फसवून खाणारा बगळा, 'बकध्यान', 'बगळ्यासारखा साधू'. शाळेतल्या निसर्गचित्रात दोन डोंगर, मधोमध सूर्य, आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी आणि तळ्याकाठी एका पायावर उभा बगळा. तोही ढोंगी ध्यान लावून बसलेला. यात गायबगळा उगीचच भरडला गेला. तो एका जागी ध्यान लावून उभा राहिला तर उपाशी मरेल. त्याला गाईबरोबर चालावं लागतं. त्यातल्या त्यात आपण लहानपणी नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे बगळ्यांनी दिलेली फुलं असं मानायचो, तेवढीच काय ती बगळ्याबद्दलची निखळ माया.

आता सांगतो ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. ती अमेरिकेतली आहे आणि तिच्यात कॅमेरा आहे.

ऑड्युबॉनने १८२७ ते १८३८ या काळात अमेरिकेतल्या पक्ष्यांची ती जगप्रसिद्ध, पक्ष्याच्या खऱ्या आकाराची चित्रं छापली. त्यात गायबगळा नाही. कारण तो तिथे नव्हताच! त्यात आहे तो तिथला 'स्नोई' बगळा, आपल्या छोट्या बगळ्याचा चुलतभाऊ. त्या चित्राच्या पार्श्वभूमीत अगदी लहानसा, बंदूक घेऊन येणारा एक माणूस आहे. नीट पाहिलं नाही तर दिसतही नाही. पुढे बायकांच्या हॅटवर बगळ्यांची पिसं लावायची फॅशन आली, सोन्याच्या भावाने पिसं विकली गेली आणि बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती त्या बंदुकीने संपवल्या. इंग्रजांना भारतातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ साली बंदी घालावी लागली. इजिप्तमध्ये तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायबगळा नामशेष व्हायच्या बेतात होता, कायद्याने संरक्षण दिलं म्हणून वाचला. ऑड्युबॉनने तो माणूस चित्रात ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर गायबगळा. १८७७ ते १८८२ च्या सुमारास तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुरिनामच्या भागात दिसू लागला. कोणी नेला नाही. आफ्रिकेतून अटलांटिक समुद्र ओलांडून स्वतःच्या पंखांवर गेला. जंगलं तोडून कुरणं होत होती, गुरं वाढत होती, ताट तयारच होतं. तिथून तो उत्तरेकडे सरकत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात पोचला. पाहणाऱ्याला वाटलं, कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयातून सुटला असेल. आणि मग दहाएक वर्षं, पक्षीनिरीक्षकांनी गजबजलेल्या त्या देशात, एका नव्या पक्ष्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. का? 'बगळेच आहेत रे!' दुसरं काय.

१९५२ च्या वसंतात रिचर्ड बोर्डन नावाचा वन्यजीवांच्या फिल्म काढणारा गृहस्थ फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराच्या परिसरात गुरांमध्ये फिरणाऱ्या पांढऱ्या बगळ्यांचं चित्रण करत होता. त्याच्या समजुतीने ते 'स्नोई' बगळे होते. त्याच एप्रिलमध्ये तिकडे दूर उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये एका शेतावर गाईंजवळ एक अनोळखी बगळा सापडला आणि तो गायबगळा ठरला. बातमी पसरली. बोर्डनने आपली फिल्म पुन्हा लावून बघितली आणि पडद्यावर तेच! आखूड मान, पिवळी चोच, भरलेली हनुवटी आणि गाईच्या पायाशी लगबग. डोळ्यांनी जे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, ते फिल्मने जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, फ्लोरिडात त्याचं घरटं सापडलं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये रॉजर टोरी पीटरसन या पक्षीचित्रकाराने नॅशनल जिऑग्राफिकमध्ये या नव्या पाहुण्यावर लेख लिहिला. पुढच्या काही दशकांत तो अमेरिकाभर झाला.

मला या कथेत नेहमी एक प्रश्न पडतो. बोर्डनकडे आजच्यासारखी लांब पल्ल्याची लेन्स असती, आणि त्याने फक्त बगळ्याचं डोकं फ्रेममध्ये घेऊन गाय कापली असती तर? चोचीवरून ओळख पटली असती म्हणा. पण हा पक्षी या देशात आला कसा, टिकला कसा, याचं उत्तर त्या फ्रेममधल्या गाईजवळ होतं.

पीटरसन हे नाव मुद्दाम घेतलं. १९३४ साली त्याने जे पॉकेटबुक काढलं, त्याने जगभरचं पक्षीनिरीक्षण बदललं. सगळे पक्षी एकाच बाजूला तोंड करून ओळीने उभे, मागे कोरा कागद, आणि ओळखीच्या खुणेवर बाण. डॉ. सालीम अलींच्या १९४१ च्या पुस्तकाने आपल्याकडे जे केलं, ते तिकडे त्याने केलं. ओळख पटवायला ही पद्धत उत्तमच. पण या चित्रांनी आपल्या नजरेला एक सवयही लावली. पक्षी म्हणजे कोऱ्या कागदावरचा पक्षी.

ती सवय कॅमेऱ्यात शिरली. आज चांगला फोटो कशाला म्हणतात? पक्ष्याच्या डोळ्यात चमक, एकेक पीस मोजता येईल असं फोकस आणि मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी, हिरवी, विरघळलेली. मागे वायर आली, खांब आला, प्लॅस्टिकची पिशवी आली की फोटो बाद. घरी येऊन क्रॉप करायचं आणि नको ते पुसून टाकायचं. मी कोणाला नावं ठेवत नाहीये, असे फोटो मलाही भुरळ घालतात. पण गायबगळा या पद्धतीला दाद देत नाही, हे अनुभवाने सांगतो.

कारण तो पांढरा आणि म्हैस काळी. ज्यांनी हा प्रयोग केलाय त्यांना माहीत आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी असावं असं वाटतं. फ्रेम म्हशीने भरली की तो बिचारा म्हशीला उजळवायला जातो आणि पाठीवरचा बगळा जळून कोरा पांढरा डाग होतो, एक पीस दिसत नाही. एक्स्पोजर दीडदोन स्टॉप खाली ओढलं की बगळा सावरतो, पण म्हैस काळोखात बुडते. फ्रेम बगळ्यानेच भरली तर उलटा हिशेब, तेव्हा पांढरा मळकट होतो आणि एक्स्पोजर वर न्यावं लागतं. दोघांनाही न्याय द्यायचा तर ऊन कोवळं हवं नाहीतर ढगाळ दिवस. थोडक्यात काय, या जोडीला एका फ्रेममध्ये बसवायचं तर त्या दोघांच्या वेळेला आपण जायचं.

जलरंगात हेच उलटं होतं, आणि म्हणून मला जलरंग आवडतात. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. म्हणजे बगळा तुम्ही रंगवतच नाही. तुम्ही म्हैस रंगवता, गवत रंगवता, चिखल रंगवता आणि जे सोडलं तो बगळा. भोवतालचं काढल्याशिवाय तो उमटतच नाही. कुंचला हातात असताना हे इतक्यांदा अनुभवलंय, की या पक्ष्याबद्दल काही खरं सांगायचं तर ते हेच, असं मला वाटू लागलंय.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य काढा.

आमच्या मामांचं शेत फलटणकडे आहे. एके काळी त्यांच्या दावणीला दोन बैलजोड्या होत्या, आता एकही नाही. गोठ्यात चार संकरित गाई आहेत, त्या बाहेर चरायला जात नाहीत, जागेवर मेथीघास आणि पेंड खातात. शेतात ट्रॅक्टर येतो आणि रोटर मारून जातो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी तिथे बांधावर कॅमेरा घेऊन बसलो होतो. ट्रॅक्टरमागे पन्नासएक गायबगळे, निम्मे हळदीने माखलेले. ट्रॅक्टर पुढे जाई तसे ते उडत, उतरत, पळत, पुन्हा उडत. मामा शेजारी येऊन बसले.

"पूर्वी औत धरलं की यायची, हजेरी लावल्यागत," ते म्हणाले. "बैलाच्या मागनं निवांत चालायची. आता ट्रॅक्टरमागं पळून पळून दमत्यात बघ."

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजून जे लिहिलं, ते आमच्या मामांनी बांधावर बसून सांगितलं.

हे एका मामांच्या दावणीचं नाही. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली तर देशातल्या गोवंशाचे एकूण आकडे जवळपास तेवढेच आहेत, गाई वाढल्यात, पण नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली आहे. सात वर्षांत! औत ओढणारा बैल आपल्या डोळ्यांदेखत शेतातून निघून चाललाय. बगळा काही नामशेष होत नाहीये, तो कामसू आहे. ट्रॅक्टरमागे जातो, बागेत गवत कापायच्या यंत्रामागे जातो, शहराबाहेर कचऱ्याच्या डोंगरांवर माश्या टिपत फिरतो. गावातल्या वडाचिंचेवर वसाहत करतो, आणि खाली विष्ठा पडते, वास येतो म्हणून ऐन विणीत फांद्या छाटल्या की पिल्लं जमिनीवर पडतात. हेही त्याचंच आयुष्य. पण यातलं किती आपल्या फोटोंत आहे?

इजिप्तच्या लेखनिकाने त्याची थरथर ठेवली, म्हणून आपल्याला कळलं की नाईलकाठचा माणूस त्याच्याकडे किती बारकाईने बघत होता. ऑड्युबॉनने बंदूकवाला ठेवला, म्हणून पुढे काय वाढून ठेवलं होतं ते त्या चित्रात दिसतं. मार्तिनेला गाय मिळाली नाही आणि बगळा खेकडेखाऊ झाला. आज आपल्याइतकी पक्ष्यांची चित्रं कुठल्याच काळात कोणी काढली नसतील. दोनशे वर्षांनी कोणी ती उघडून बसलं, तर त्याला हिरव्या लोण्यावर उभे असलेले लाखो बगळे दिसतील, एकेक पीस मोजता येईल असे. पण हे खात काय होते, राहत कुठे होते, कोणाबरोबर चालत होते, हे त्याला कळेल का? की तोही लांब चोच बघून म्हणेल, खेकडे?

मामांच्या शेतातल्या त्या सकाळचे शंभरावर फोटो आहेत. त्यातला जो प्रिंट करून भिंतीवर लावलाय, त्यात ट्रॅक्टरचं चिखलाने भरलेलं मोठं चाक आहे, विजेचा एक खांब आहे, बांधावर टाकलेलं खताचं रिकामं पोतं आहे आणि या सगळ्यात पळत सुटलेला एक केशरी मानेचा बगळा. फोटोग्राफीतल्या एका मित्राने बघून सुचवलं, "खांब आणि पोतं काढून टाक, चाक क्रॉप कर, मग मस्त होईल."

मी तसंच ठेवलंय. त्यात बैल नाही, हे कळायला ते चाक लागतं.